राइस मिलचें अंगण आणि हिशेबाचीं मानकें



हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय मानकांविषयीं गोंदियाच्या एका निवृत्त शाळामास्तरानें बोलावें, हें कित्येकांस विचित्र वाटेल. लंडनमध्यें १९७३ सालीं निरनिराळ्या देशांतील हिशेबनिसांच्या संस्थांनीं एक समिति स्थापन केली. २००१ मध्यें तिची जागा आजच्या मंडळानें घेतली. त्या मंडळाच्या मानकांशीं जुळणारीं मानकें आपल्या सरकारनें २०१५ सालीं जाहीर केलीं, आणि १ एप्रिल २०१६ पासून बँका, विमा कंपन्या इत्यादि वित्तीय संस्था वगळून ५०० कोटि रुपये वा अधिक निव्वळ मत्तेच्या कंपन्यांना तीं लागू झालीं.

आमच्या जिल्ह्यांतील राइस मिली बहुधा एकमालकीच्या वा भागीदारीच्या. त्यांना हीं मानकें लागू नाहींत. मग येथील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यानें तीं कां शिकावीं? शिकावीं, कारण त्यांतील प्रश्न त्याच्या दाराशींच पडलेले आहेत. पण पुष्कळदां शिकवितात कसें? अमुक क्रमांकाचें मानक साठ्याचें, तमुक महसुलाचें, अशी जंत्री पाठ करवून. पाढे पाठ करविण्यांत माझा जन्म गेला. पाठांतराची निंदा मी करणार नाहीं. परंतु पाढे पाठ झाल्यावर गणितहि घालावें लागतें.

मार्गशीर्षांत मिलच्या अंगणांत धानाच्या पोत्यांची थप्पी लागते. विद्यार्थ्यास विचारावें, हा साठा मिलवाल्याच्या ताळेबंदांत किती रुपयांचा धरशील? हुशार असला तर तो म्हणेल, लागलेला खर्च आणि विक्रींतून निव्वळ हातीं येणारी रक्कम यांत जी कमी ती. सूत्र बरोबर आहे. पण आधींचा प्रश्न राहूनच गेला: हें धान कोणाचें?

आधारभूत किंमतीनें घेतलेलें धान पणन महासंघ, आणि देवरी-सालेकशासारख्या भागांत आदिवासी विकास महामंडळ, भरडाईसाठीं मिलवाल्याच्या स्वाधीन करतें. न उकडलेल्या तांदळाच्या बाबतींत क्विंटलमागें ६७ किलो तांदूळ त्यानें सरकारास परत द्यावयाचा असतो. भाव चढला तर लाभ त्याचा नव्हे, उतरला तर हानीहि त्याची नव्हे. थप्पी त्याच्या छपराखालीं असली तरी तो राखणदार आहे. त्याच्या ताळेबंदांत तें धान येतां कामा नये. त्याच्या उत्पन्नांत यावयाची ती भरडाईची मजुरी.

आणि कोंडा? तो मिलवाल्याकडे राहतो. कोंड्यापासून तेल निघतें, त्याला गिऱ्हाईक असतें. मग तो वस्तुरूपानें मिळालेली मजुरीच कीं नाहीं? असेल, तर त्याची वाजवी किंमत उत्पन्नांत धरावी लागेल. मिलवाल्यानें स्वतःचें धान विकत घेऊन भरडलें, तर मात्र तोच कोंडा गौण उत्पादन ठरतो, आणि त्याची निव्वळ किंमत तांदळाच्या खर्चांतून वजा होते. यंत्र तेंच, कोंडा तोच. करार बदलतांच हिशेब बदलला. या कोंड्यावर प्राध्यापकांनीं आठवडाभर वाद घडवून आणावा. साठा, महसूल आणि मालमत्तेची व्याख्या, तिन्ही त्यांत येऊन जातात.

हा शब्दच्छल नव्हे. बँक साठा पाहून कर्ज देते. परक्याचें धान आपलें म्हणून दाखविलें आणि पुढें कर्ज बुडालें, तर झळ ठेवीदारास लागते. आणि तो ताळेबंद मांडणारा तरुण आपल्याच एखाद्या महाविद्यालयांतून निघालेला असतो.

म्हणून परीक्षेंत एक करारपत्र छापून द्यावें आणि निर्णयापेक्षां कारणांस अधिक गुण ठेवावे. तपासणाऱ्यास जड जाईल खरें. दोघांचीं उत्तरें निराळीं असून दोघांसहि गुण द्यावे लागतील. वर्गांत हा वाद आधीं मराठींत होऊं द्यावा. जमा, नांवें, कीर्द, खतावणी हे आपल्या व्यापाऱ्यांचेच शब्द आहेत. इंग्रजींत लिहिणें मागाहून होईल. मिलवाल्यांस माझी विनंती एवढीच, कीं भरडाईच्या करारपत्राची एक प्रत जवळच्या महाविद्यालयास द्यावी. नांवें खोडलेलीं असलीं तरी चालेल.