मातीच्या शिपायांना नियम हवेत

दिवाळी आली की आपल्या रत्नागिरीत अंगणाअंगणात किल्ले उभे राहतात. जांभ्याची तांबडी माती, चार दगड, वर पेरलेले अळीव आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे. बुरुजावर तोफ असते, दरवाजात पहारेकरी असतात, पायथ्याशी शत्रूचे शिपाईही असतात. सगळं असतं, फक्त लढाई नसते. भाऊबीज झाली की हे शिपाई जागचे न हलता पुन्हा खोक्यात जातात. आज मी बोलणार आहे ते या शिपायांना हलवण्याविषयी. फूटपट्टी, फासे आणि वहीत लिहिलेले नियम घेऊन टेबलावर लढाई कशी खेळतात, आणि ती खेळून आपल्या हाती काय लागतं, याविषयी.

टेबलावरची लढाई म्हटल्यावर पहिल्यांदा बुद्धिबळ आठवतं. हत्ती, घोडा, उंट, प्यादी. आपल्या चतुरंग सेनेचाच तो पट. पण बुद्धिबळातला घोडा दमत नाही, प्यादं घाबरत नाही आणि राजाचा हुकूम वाटेत हरवत नाही. खऱ्या लढाईत हे तिन्ही घडतं. ते पटावर आणायचा नेटाचा प्रयत्न प्रशियात झाला. फॉन राइसवित्झ नावाच्या गृहस्थानं १८१२ च्या सुमारास राजासाठी असा खेळ तयार केला आणि त्याच्या मुलानं, तो तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. एकास आठ हजार प्रमाणाचा नकाशा, त्यावर पलटणींचे ठोकळे, आणि एक खेळी म्हणजे दोन मिनिटं. खेळाडू पंचाकडे लेखी हुकूम द्यायचे. पंचाला सगळं दिसायचं. खेळाडूला मात्र त्याच्या सैन्याला जेवढं दिसेल तेवढंच. गोळीबाराचा परिणाम फाशांवर ठरायचा. प्रशियाच्या सैन्यानं तो शिक्षणासाठी स्वीकारला आणि पुढे इतर देशांच्या सैन्यांनीही उचलला.

हा खेळ घरात आणायला मोठाच हातभार लावला तो ‘टाइम मशीन’ लिहिणाऱ्या एच. जी. वेल्स यांनी. १९१३ मध्ये त्यांचं ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक आलं. खेळण्यातल्या स्प्रिंगच्या तोफेनं लाकडी गोळ्या मारायच्या आणि शिपाई पाडायचे, असा तो खेळ. पुस्तकाच्या शेवटी वेल्स यांनी या छोट्या लढाईची बाजू घेऊन खऱ्या युद्धाला नावं ठेवली आहेत. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

हौशी खेळाडूंचा एक आवडता काळ म्हणजे घोडे आणि ठासणीच्या बंदुकांचा, साधारण १७०० ते १८५० चा. आपल्याला तर तो जवळचाच. १७६१ चं पानिपत, १७९५ ची खर्ड्याची लढाई, १८०३ ची असई, १८१७ ची खडकी, सगळं त्यातच येतं. खर्ड्याला निजामाविरुद्ध मराठी फौजांचं नेतृत्व केलं परशुरामभाऊ पटवर्धनांनी, आणि पटवर्धनांचं मूळ गाव आपल्या रत्नागिरीजवळचं कोतवडे. तेव्हा हा विषय परका मानायचं कारण नाही.

आता नियमांकडे येऊ. आधी माप ठरवायचं. समजा, टेबलावरचा एक सेंटिमीटर म्हणजे मैदानावरचे दहा मीटर, एक खेळी म्हणजे दोन मिनिटं आणि एक मातीचा शिपाई म्हणजे पन्नास माणसं. कवायती पायदळ रांग न मोडता चाललं तर दोन मिनिटांत शंभर मीटरच्या आसपास जातं. म्हणून पायदळाला एका खेळीत दहा सेंटिमीटर. घोडेस्वारांना पंचवीस. बैल जोडलेल्या तोफेला पाच.

मग मारा. त्या काळची बंदूक सरावलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन वेळा झाडू शकत असे, पण नेम शंभर मीटरच्या पुढे फारसा भरवशाचा नसे. म्हणून बंदुकीचा पल्ला दहा सेंटिमीटर. तोफेचा भरीव गोळा साठ सेंटिमीटरपर्यंत. शत्रू तीस सेंटिमीटरच्या आत आला की तोफेत छर्रे भरायचे, आणि तेव्हा फासे दुप्पट टाकायचे.

एवढे दोन नियम लिहिले तरी काहीतरी कळू लागतं. साठ सेंटिमीटरवरच्या तोफांवर पायदळानं चालून जायचं म्हणजे सहा खेळ्या, बारा मिनिटं. पहिल्या तीन खेळ्या गोळे खात, उरलेल्या तीन छर्रे खात, आणि आपली बंदूक शेवटच्या खेळीपर्यंत निरुपयोगी. ‘तोफांवर चालून गेले’ हे वाक्य इतिहासाच्या पुस्तकात अर्ध्या ओळीत संपतं. टेबलावर ते संपता संपत नाही.

तिसरा नियम हिमतीचा. सगळे शिपाई मरेपर्यंत कोणतीच पलटण लढत नाही. त्याच्या पुष्कळ आधी ती मागे सरते किंवा पळते. म्हणून एखाद्या पलटणीचे एक तृतीयांश शिपाई पडले की दोन फासे टाकायचे. बेरीज सात किंवा जास्त आली तर पलटण उभी राहिली, कमी आली तर मोडली. पलटण कवायती असेल तर बेरजेत एक मिळवायचा. पाठीमागे आपली ताजी फौज असेल तर आणखी एक. सरदार पडला असेल तर एक वजा.

आता हे नियम घेऊन असईला जाऊ. जालना जिल्ह्यातलं हे गाव. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या जागेत २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज होती. कवायती पायदळ दहा हजारांच्या वर, तोफा शंभराच्या आसपास आणि घोडदळ त्याहून कितीतरी मोठं. समोर आर्थर वेलस्ली, प्रत्यक्ष लढाईत उतरलेली त्याची माणसं साधारण साडेचार हजार. म्हणजे आपल्या टेबलावर नव्वद शिपाई. इथे उतार नाही, असं वाटाड्यांनी सांगितलं होतं. पण नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसल्यावर वेलस्लीनं ताडलं की इथे पायउतार असणारच, आणि पिंपळगावापाशी तो नदी ओलांडून बाजूनं आला.

शिंद्यांची कवायती पायदळं नवशिकी असती तर तिथेच निकाल लागला असता. पण त्यांनी अख्खी रांग काटकोनात फिरवली आणि तोफा पुन्हा इंग्रजांसमोर आणल्या. हे टेबलावर करून पाहावं म्हणजे किती अवघड ते कळतं. कवायती पलटणींना एका खेळीत वळता येईल असा नियम केल्याशिवाय ते जमतच नाही. इंग्रजांच्या उजव्या टोकाच्या तुकडीकडून हुकूम नीट पाळला गेला नाही. ती भरकटून थेट असई गावाकडे गेली आणि तिच्या मागोमाग ७४ वी स्कॉटिश पलटणही तोफांच्या तोंडी सापडली. तोफा घेतल्या असं इंग्रजांना वाटलं तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन पडलेले काही गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा इंग्रजांच्या पाठीवर डागल्या. यातून आणखी एक नियम निघतो: घेतलेल्या तोफेपाशी आपला शिपाई ठेवला नाही तर ती आपली झाली असं धरायचं नाही.

शेवटी लढाई इंग्रजांनी जिंकली. त्यांच्याकडे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४ माणसं गेली. म्हणजे नव्वदपैकी जवळजवळ बत्तीस शिपाई आडवे. वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध जिंकला, पण आपली सर्वांत चांगली लढाई तो असईचीच मानत असे. मग दहा हजारांचं कवायती पायदळ आणि शंभर तोफा असून आपण हरलो कसे? टेबलावर हा प्रश्न टाळता येत नाही. मोठं घोडदळ लढाईत फारसं उतरलंच नाही. शिंद्यांच्या पदरचे अनेक इंग्रज अधिकारी युद्धाच्या तोंडावर कंपनीच्या जाहीरनाम्यानुसार नोकरी सोडून गेले होते. सगळ्या फौजेला एका वेळी एक हुकूम देणारा माणूस रणात नव्हता. नियमाच्या भाषेत, मराठ्यांच्या बाजूला शिपाई भरपूर, पण दर खेळीला हुकूम मात्र दोनच. हा नियम लावून खेळा आणि न लावता खेळा. दोन्ही निकालांमधला फरक हेच त्या प्रश्नाचं आपलं उत्तर.

मला हा खेळ महत्त्वाचा वाटतो तो याचसाठी. आपल्याकडे पराभवाची चर्चा बहुधा एका माणसावर येऊन थांबते. अमक्यानं दगा दिला, तमका ऐन वेळी निघून गेला. पानिपताविषयी तर अडीचशे वर्षांहून अधिक काळ हे चाललंय. नियम लिहायला बसलं की नुसतं नाव घेऊन भागत नाही. तो निघून गेल्यानं किती फासे कमी झाले, हे आकड्यात सांगावं लागतं. आणि आकडा लिहिला की समोरचा विचारतो, एवढाच का?

पानिपताचंच पाहा. इब्राहिमखान गारद्याच्या बंदुकांचा मारा चांगला चालला असताना विंचूरकर आणि गायकवाड यांची पथकं रांग सोडून पुढे गेली, असं सांगतात. त्यावर नियम साधा आहे: आपल्याच माणसांच्या पाठीतून गोळी झाडता येत नाही. पुढे आपले घोडेस्वार आले की मागचे गारदी गप्प. त्यात अब्दालीनं ताजी फौज राखून ठेवली आणि दुपारनंतर ती घातली. म्हणजे ‘पाठीमागे ताजी फौज’ हा अधिकचा एक त्याच्या बाजूला, आपल्या बाजूला नाही.

आणि आता भूक. दोन महिन्यांहून जास्त काळ मराठी छावणी पानिपतात कोंडलेली होती, रसद तुटलेली होती. १४ जानेवारी १७६१ ला सकाळी जी माणसं बाहेर पडली ती उपाशी होती. समजा, उपाशी पलटणीला हिमतीच्या वेळी दोन वजा, एवढाच नियम केला. दोन फाशांचे एकूण छत्तीस प्रकार पडतात. सात किंवा जास्त येण्याचे त्यांतले एकवीस. दोन वजा केल्यावर नऊ यावे लागतात, आणि त्याचे प्रकार फक्त दहा. माणसं तीच, बंदुका त्याच, सरदार तेच. उभं राहण्याची शक्यता मात्र निम्म्याहून कमी. हे गणित सातवीतल्या मुलालाही मांडता येतं. ते एकदा मांडलं की विश्वासराव पडल्यावर फौज का मोडली, हे विचारताना तो आधी दोन महिन्यांचं अन्न मोजतो, मग माणसांना दोष देतो.

फौजेबरोबर यात्रेकरू होते, बायकामुलं होती. म्हणून आणखी एक नियम: सगळा गोल त्यातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या चालीनं चालेल. आपल्या जिल्ह्यातल्या वेळासच्या भानू घराण्यातले नाना, पुढचे नाना फडणवीस, तेव्हा विशीच्याही आतले होते. ते पानिपतातून जीव वाचवून परतले. त्यांची आई परतली नाही. टेबलावर या माणसांसाठी शिपायांऐवजी साध्या गोट्या ठेवाव्यात. त्यांना फासे टाकता येत नाहीत, पण त्यांना सोडूनही जाता येत नाही.

मुलांच्या हाती युद्धाचा खेळ द्यावा का, अशी शंका काही पालकांना येईल, आणि ती रास्त आहे. माझं उत्तर शेवटच्या नियमात आहे. खेळ संपल्यावर दोन्ही बाजूंचे आडवे शिपाई मोजायचे, आकड्याला पन्नासनं गुणायचं आणि तो आकडा मोठ्यानं वाचायचा. जिंकलेल्यानं आधी. एके काळी मुंबई इलाख्याच्या पलटणींत भरती होण्यासाठी या जिल्ह्यातून हजारो माणसं गेली. आपल्या घरातही असं एखादं नाव असेल. तो आकडा वाचताना मुलांना ते सांगा.

येत्या सुट्टीत करून पाहायचं असेल तर तिघंजण पुरेत. दोघं खेळाडू, एक पंच. सुरुवात पानिपतापासून करू नका, ते फार मोठं आहे. असई घ्या. शिपाई नसतील तर बटणं चालतील, नदीसाठी निळा दोरा, फासे सापशिडीतले. तीच लढाई चार वेळा खेळा आणि दर वेळी एकच नियम बदला. कोणता नियम बदलला आणि का, हे वहीत एका ओळीत लिहा. वाद झाला तर तोही लिहा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)