नाकवाले ट्रक

मोहगाव, सौसर, पांढुर्णा हा संत्र्यांचा पट्टा. इथली संत्री दूरच्या बाजारांत पोहोचवण्यात ट्रकचा वाटा मोठा. गॅरेजमागे किंवा बाभळीखाली एखादा जुना, नाकवाला, म्हणजे बॉनेट पुढे आलेला ट्रक गंजत उभा दिसला, तर क्षणभर थांबा.

आधी जाळी पाहा. तिच्यावर तीन टोकांची चांदणी असेल, तर ती टाटा-मर्सिडीज. 1954 साली टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपुरात हे ट्रक बनू लागले. 1969 मध्ये करार संपला, चांदणी गेली. डॉज किंवा फार्गो असेल, तर तो बहुधा वालचंद हिराचंद यांच्या मुंबईतल्या प्रीमियर कारखान्याचा. टाटाच्या ट्रकवर 1210 असा मॉडेल क्रमांक दिसला, तर त्यातले 12 म्हणजे मालासह एकूण वजन, सुमारे बारा टन.

पण मला खरी मोलाची वाटते ती बॉडी. कारखान्यातून अनेकदा नुसती चेसिस यायची. लाकडी केबिन, फळ्या, फाळका हे सगळं सुतार-लोहार बांधायचे, रंगारी नक्षी काढायचा. म्हणून एकाच मॉडेलचे दोन ट्रकही तंतोतंत सारखे नसत. ही कारागिरी भंगारात किलोच्या भावाने जाते, याचं फार वाईट वाटतं.

2021 च्या केंद्रीय नियमांत पन्नास वर्षांवरील दुचाकी आणि खासगी मोटारींना ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. मालवाहू ट्रक त्यात नाहीत. हे अन्यायाचं आहे.

तेव्हा असा ट्रक तुटण्याआधी त्याचे फोटो काढा, चेसिस क्रमांक टिपा, आणि तो चालवलेल्या काकांच्या आठवणी लिहून ठेवा.