हात मोकळे, चित्त गुंतलेलें

अष्टावधानी पुरुषांचें कौतुक महाराष्ट्रास जुनें आहे. एकाच वेळीं आठ व्यवधानें सांभाळणारी बुद्धि कोणास नको असेल? परंतु मानसशास्त्रानें या विषयाची जी परीक्षा केली, तिचा निकाल सावध करणारा आहे.

सन १९६६ मध्यें डॅनियल काहनेमन व जॅक्सन बीटी यांनीं कांहीं माणसांस आंकडे ऐकवून ते ध्यानांत ठेवावयास सांगितले आणि त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या. प्रत्येक नव्या आंकड्याबरोबर बाहुली रुंदावत गेली. आंकडे परत म्हणून दाखवितांना ती पुन्हां आकुंचित झाली. मनावरील भार शरीरावर उमटतो तो असा. अवधान हें मोजक्या शिध्यासारखें आहे. एका पंक्तीस अधिक वाढलें कीं दुसरीस कमी पडावयाचेंच.

हा तुटवडा घरांत खपून जातो. रस्त्यावर तो प्राणांवर बेततो. सन २००१ मध्यें अमेरिकेंतील यूटा विद्यापीठांत डेव्हिड स्ट्रेअर व विल्यम जॉन्स्टन यांनीं मोटार हांकण्यासारखें काम देऊन प्रयोग केला. भ्रमणध्वनीवर संभाषण करणारांच्या नजरेंतून लाल दिवे दुपटीहून अधिक वेळां निसटले. जे दिसले त्यांसही प्रतिसाद उशिरा मिळाला. यंत्र हातीं धरलें काय किंवा हात मोकळे ठेवले काय, फरक पडला नाहीं. नुसता रेडिओ ऐकणारांचें काम मात्र बिघडलें नाहीं. ऐकणारास ऐकणें क्षणभर सोडतां येतें. बोलणारास उत्तर जुळवावें लागतें.

संभाषण वादाचें असेल, तर छाती धडधडते आणि मन तरतरीत झाल्यासारखें वाटतें. ही तरतरी फसवी होय. अवघड काम शिकतांना फार तीव्र उत्तेजन हितकर ठरत नाहीं, हें रॉबर्ट यर्कीज व जॉन डॉडसन यांनीं उंदरांवरील प्रयोगांनीं १९०८ सालींच दाखविलें होतें.

शेजारी बसलेला सोबती समोरील गर्दी पाहून आपण होऊन गप्प होतो. दूर असलेल्या माणसास ती गर्दी दिसत नाहीं. म्हणून घंटी वाजतांच गाडी कडेस उभी करावी, मग बोलावें. अष्टावधानी पुरुष सभेंत चुकला तर फार तर हशा पिकतो. रस्त्यावरील चुकीचें मोल मात्र पुष्कळदां दुसऱ्याच्या लेंकरास द्यावें लागतें.