पेट्रोलच्या टाकीची कल्हई



वसंत व्याख्यानमालेत वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत सगळे विषय होऊन गेले. आज आम्ही एका जुन्या मोटारीची पेट्रोलची टाकी घेऊन आलो आहोत. खरोखरच घेऊन आलो आहोत. ती व्यासपीठाच्या पायरीशी ठेवली आहे. दुसऱ्या एखाद्या गावी या विषयाबद्दल आधी क्षमा मागावी लागली असती. चिंचवडात तिची गरज नाही. येथे कोणाचे वडील टेल्कोत होते, कोणाचे काका बजाजमध्ये, आणि कोणाची मुलगी आज चाकणला पाळीवर जाते.

टाकी आहे 1974 सालच्या प्रीमियर पद्मिनीची. ही गाडी मूळची इटलीची फियाट 1100. तिचे ‘डिलाइट’ हे रूप 1964 मध्ये आपल्याकडे आले आणि ‘पद्मिनी’ हे नाव 1974 मध्ये. बनत असे ती कुर्ल्याला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून निघाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला निरोपाचे लेख वाहिले. आमची पद्मिनी मात्र अजून चालते. चालते म्हणजे, खंडाळ्याच्या घाटापर्यंत चालत असे. घाटात दोन वळणे चढली की आचके देई आणि बंद पडे. दहा मिनिटे उभी ठेवली की काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होई. आम्ही कार्बोरेटर तीनदा धुतला, जेट फुंकले, पंपाचा पडदा बदलला, प्लगांना दोष दिला. शेवटी एका वृद्ध मिस्त्रींनी गाडीकडे न बघताच विचारले, “टाकीत डोकावलात का?”

डोकावलो नव्हतो. टाकीच्या तळाशी गंजाचा गाळ असतो. इंजिनाने जोराने पेट्रोल ओढले की तो गाळ नळीच्या तोंडाशी जमतो आणि वाट अडते. गाडी थांबली, ओढ संपली, की तो आपोआप खाली बसतो. म्हणून दहा मिनिटांचा विसावा लागू पडतो. हे एकदा समजल्यावर तीन वेळा कार्बोरेटर धुतल्याची लाज वाटते. नदीच्या उगमाशी घाण आणि आम्ही घाटावर पाणी गाळीत बसलेले!

टाकीला गंज कशाने येतो, हे आपल्या माजघरातल्या गोष्टीवरून सांगता येईल. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करणारा दारी येई, तो दिवस ज्येष्ठांना आठवत असेल. भाता, निखारे, नवसागराचा धूर, आणि कापसाच्या बोळ्याने क्षणात चांदीसारखे होणारे पातेले. कथलाचा तो पातळ थर आंबट आमटीपासून तांब्याला आणि तांब्यापासून आपल्याला वाचवी. त्या काळच्या पुष्कळ मोटारींच्या टाक्यांचा पोलादी पत्राही असाच कल्हई केलेला असे. फरक इतकाच, की त्या कल्हईत कथील थोडे आणि शिसे फार. ही कल्हई जिथे झिजते किंवा चरा पडून उघडी होते, तिथे पाणी लोखंडाला गाठते. पाणी टाकीत येते कोठून? हवेतून. अर्धी टाकी रिकामी ठेवून गाडी पावसाळाभर उभी केली, की दिवसा ती तापून हवा बाहेर सोडते, रात्री गार होऊन ओली हवा आत घेते. ते बाष्प भिंतींवर थिजते, ओघळते आणि पेट्रोलपेक्षा जड म्हणून तळाशी जाऊन बसते.

त्यात आता नवी भर पडली आहे. 2025 पासून देशभर विकल्या जाणाऱ्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्या साखर कारखान्यांच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट असेल. आम्ही ऊसवाल्यांशी वाद घालायला आलेलो नाही. परंतु इथेनॉल पाण्याचे मोठे लोभी. ठरावीक मर्यादेपर्यंत ते पाणी पोटात घेते. मर्यादा ओलांडली की पाण्यासह पेट्रोलातून फुटून तळाशी वेगळा थर करते, आणि तो थर पत्र्याला कोरतो. शिवाय वर्षानुवर्षे भिंतीला चिकटलेला पेट्रोलचा डिंक ते सोडवते, जुन्या रबरी नळ्या फुगवते. जी टाकी पन्नास वर्षे बरी होती, तीच आता धुतली पाहिजे, याचे हे एक कारण.

दुसरी टाकी का बसवली नाही, असे कोणी विचारील. जुन्या टाक्या पूर्वी कुदळवाडीच्या भंगारात शोधता येत. तिथली पुष्कळशी गोदामे महापालिकेने 2025 च्या फेब्रुवारीत पाडली. आणि 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करायची, तर ती मूळ रूपात राखलेली असावी लागते. तेव्हा जी आहे तीच स्वच्छ करणे भाग होते.

आता श्रोतेहो, पुढचे वाक्य विसरू नका. रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक आहे. पेट्रोल पेटते ते त्याच्या वाफेच्या रूपाने, आणि हवेच्या शंभर भागांत साधारण दीड ते साडेसात भाग वाफ असली म्हणजेच. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. रिकाम्या टाकीत चार चमचे उरलेले असतात आणि बाकी सगळी हवा. अशा टाकीला ‘रिकामीच तर आहे’ म्हणून डाग द्यायला बसलेली माणसे गेली आहेत. या पट्ट्यात राहणाऱ्यांना ते वेगळे सांगायला नको. धुतल्यावरही पत्र्याच्या घडीत आणि डिंकाखाली पेट्रोल दडून राहते. म्हणून भोक बुजवायचे असेल तर ते काम त्यातल्या जाणकाराकडेच द्यावे. आम्ही टाकी उघड्या अंगणात उतरवली, बॅटरीच्या तारा आधी काढल्या, पेट्रोल लोखंडी डब्यात घेतले. गाडीखालच्या खड्ड्यात उतरलो नाही, कारण ही वाफ हवेपेक्षा जड असते आणि खड्ड्यात साचून बसते.

मग साबणाचे कोमट पाणी, पुन्हा पुन्हा, वास जाईपर्यंत. त्यानंतर फ्लोट काढून सगळी तोंडे बुचांनी बंद केली, आत मूठ मूठ करून मोजून साठ नट आणि थोडे पाणी घातले, आणि टाकी गोधडीत गुंडाळून दोघांनी झोपाळ्यासारखी झुलवली. नट मोजावेत. बाहेर आले एकोणसाठ. साठावा आतल्या कोपऱ्यात अडकला होता. त्याच्या शोधात आमचा एक अख्खा रविवार गेला.

उरलेल्या गंजाला आम्ही सायट्रिक अॅसिड दिले. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळते तेच. आपल्या आज्या देव्हाऱ्यातली पितळ चिंचेने घासत, तिचीच ही जात. ज्या गावाच्या नावातच चिंच आहे, तिथे हे उपाय दूरचे वाटू नयेत. दहा लिटर पाण्याला अर्धा किलो, एक दिवस. कॉस्टिक सोडा किंवा दुकानातले जालीम आम्ल वापरू नये. गंजाबरोबर कल्हईही जाते. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आंबटपणा मारला, पुन्हा धुतले आणि लगेच गरम हवेने कोरडे केले. लगेच म्हणजे लगेच. उघडे लोखंड पाहता पाहता पिवळे पडते. कोरडी झाल्यावर थोडे तेल आत फिरवले.

हे सर्व पाणी आम्ही गटारात सोडले नाही. त्यात शिसे असते. गटार पवनेला मिळते, पवना मुळेला, आणि इंद्रायणीवरचा फेस आळंदीला आपण सर्वांनी पाहिलेला आहे. ते पाणी कॅनमध्ये भरून, ज्यांच्याकडे घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीची सोय आहे अशा एका कारखान्याला दिले. शिसे असलेला पत्राही कोरडा घासू नये. ओला पॉलिश पेपर, हातमोजे आणि मुखपट्टी.

आतून लेप द्यावा की नाही, हा वादाचा मुद्दा. आमचे मत विरुद्ध आहे. या टाकीत कोणा एका गॅरेजात पूर्वी असा लेप ओतलेला होता. गंजावरच ओतलेला. पुढे तो खवल्यांसारखा सुटला, आणि घाटात नळी अडवीत होता त्यात अर्धा वाटा या खवल्यांचा निघाला. ज्या टाकीला सुईएवढी भोकेच पडली आहेत तिला लेपावाचून इलाज नसेल. तेव्हा इथेनॉल सोसणारा घ्यावा आणि पत्रा पुरता स्वच्छ, कोरडा करून मगच ओतावा. धड टाकीला कोरडेपणा पुरतो.

बाहेरून मात्र नवा रंग हवा. भोसरीत पावडर कोटिंगच्या भट्ट्या पुष्कळ, आणि मोह होतो. पण त्या भट्टीची उष्णता 180 ते 200 अंशांपर्यंत जाते आणि शिसे-कथलाचा नेहमीचा डाग 183 अंशांनाच वितळू लागतो. टाकी सुंदर रंगून येईल आणि तिची नळी हातात येईल. आत पेट्रोलचा अंश राहिला असला, तर काय होईल ते सांगत नाही. आम्ही हाताने एपॉक्सी प्रायमर आणि त्यावर काळ्या रंगाचे दोन पातळ हात दिले. डांबरासारखा जाड थर दिला नाही. तो तडकला की त्याखाली पाणी कोंडते. टाकी बसवताना पट्ट्यांखालचे जुने नमदे फेकून रबर घातले, कारण नमदा पावसाळाभर ओला राहतो.

आता गाडी महिन्यातून दोनदा तरी फिरवतो. चार-सहा आठवडे उभी राहणार असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवतो. त्याहून अधिक राहणार असेल तर पूर्ण रिकामी करून, कोरडी करून, तेल फिरवून ठेवतो. घाट गेल्या महिन्यात ती एका दमात चढली.

टाकी खाली पायरीशी आहे. तिच्यात पेट्रोल कधी भरलेले होते हे लक्षात ठेवून, विजेरीने आत डोकावून पाहा. काडी कोणी ओढू नये. साठावा नट शेजारी वाटीत ठेवला आहे.