यंत्रशास्त्रातील संशोधन आणि व्यवहार



विषयाचे नाव भारदस्त आहे. परंतु तो पनवेलकरांपुढे मांडावयाचा तर दूर जाण्याचे कारण नाही. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि या बंदराला बैलगाड्यांची रीघ लागली. गाडीची चाके बनविण्याच्या येथील धंद्याची नोंद ब्रिटिश अमदानीतील जिल्हा गॅझेटियरात आहे. तेव्हा चाकापासूनच आरंभ करू.

लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवितात ती तापवून. दीड मीटर व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे ४७१ सेंटीमीटर. लोखंड एका अंशाने तापले की लाखात सुमारे १.२ भाग वाढते. म्हणजे ५०० अंशांनी तापविलेली धाव जवळजवळ २.८ सेंटीमीटर लांब होते. कारागीर ती मुळात घेरापेक्षा थोडी आखूड ठेवतो, तापवून चढवितो आणि वर पाणी ओततो. निवताना ती आवळते आणि चाकाचे सारे सांधे घट्ट करते. फार आखूड झाली तर आरे वाकतात. सैल राहिली तर उन्हाळ्यात लाकूड आकसून ती निसटते. हे सारे त्याला कागदावाचून ठाऊक होते. आगगाडीच्या चाकांवरही पोलादी धावा याच रीतीने चढवीत.

मग विद्यापीठातील संशोधकाने करावयाचे काय? एक प्रश्न घेऊ. गाडीच्या आखाला बेअरिंग बसविले तर बैलाचे कष्ट किती वाचतील? घर्षण शंभर पटींनीही कमी होईल, असे पुस्तक सांगते आणि ते खरे आहे. पण हिशेब पुढे न्यावा. चाकांवर हजार किलोंचा भार आहे, आख चार सेंटीमीटर जाड आहे आणि घर्षणांक ०.२ आहे असे धरा. आखापाशी अडथळा होतो २०० किलोंचा. परंतु चाक आखाच्या सदतीस पट मोठे असल्यामुळे बैलाला त्यापायी ओढावे लागतात केवळ पाचसहा किलो! उलट चिखलात रुतलेल्या चाकाची ओढ शंभर किलोंच्याही पुढे जाऊ शकते. मोठे चाक करणाऱ्या आपल्या पूर्वजांनी आखाचा प्रश्न बराचसा सोडविला होता. उरला होता तो वाटेचा आणि धावेच्या रुंदीचा. ज्याने वाट मोजली नाही, त्याने बेअरिंग कितीही उत्तम केले तरी बैलाच्या मानेवरचे ओझे फारसे हलके होत नाही.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या आय. आय. टी.मधील प्राध्यापक शिरीष केदारे आणि त्यांचे सहकारी यांच्या संशोधनातून ‘अरुण’ नावाची सूर्यतबकडी सिद्ध झाली. आरशांचे क्षेत्र सुमारे १६० चौरस मीटर. सूर्य फिरेल तशी ती फिरते. ती लातूरच्या महानंद दूधशाळेत दूध तापविण्याच्या कामी लावण्यात आली. आरशाचे गणित ही त्यातील अर्धीच गोष्ट होय. दूधशाळेला उष्णता लागते ती कामाच्या वेळी, सूर्याच्या सवडीने नव्हे. म्हणून दाबाखालच्या गरम पाण्यात उष्णता साठविण्याचा विचार करावा लागतो. दुधाची वेळ विचारल्यावाचून हे सुचत नाही.

आज पनवेल परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत आणि शेजारी तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे. विद्यार्थी दरवर्षी प्रकल्प लिहितात. त्यांतील पुष्कळसे बांधणी होऊन कपाटात जातात. आमची सूचना साधी आहे. विषय ठरविण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी आठ दिवस एखाद्या भातगिरणीत, वीटभट्टीवर किंवा लोहारशाळेत तापमापक आणि काटा घेऊन बसावे. उष्णता कोठे वाया जाते, जोर कोठे खर्ची पडतो, हे मोजावे. मगच ग्रंथ उघडावा. काम झाल्यावर ते त्याच मालकापुढे चालवून दाखवावे. परीक्षकाने गुण दिले म्हणजे पदवी मिळते. गिरणीवाल्याने ते यंत्र ठेवून घेतले म्हणजे संशोधन पुरे झाले असे म्हणावे.