पडदा काळा, यंत्र जितं

कवीनं माइकसमोर बसून कवितेबद्दल बोलावं, अशी आपली अपेक्षा असणार. पण मी आज संगणकाच्या काळ्या पडद्याविषयी बोलणार आहे. कविता त्यातच अडकल्या होत्या.

माझ्या संगणकावर लिनक्स आहे. ही कार्यप्रणाली मुक्त आहे, म्हणजे तिची संहिता कुणालाही वाचता येते, बदलता येते. एका संध्याकाळी संगणकानं नवे बदल बसवायची परवानगी मागितली. मी दिली. पुन्हा सुरू केला, तर पडदा काळाठिक्कर! आत माझ्या नव्या संग्रहाची मुद्रणप्रत होती. आणि दुसरी प्रत आळसापायी कुठंच ठेवलेली नव्हती. एका ओळखीच्यानं फोनवर सल्ला दिला, "फॉरमॅट मारून टाका." म्हणजे पाटी कोरी. बारा वर्षांच्या कविता पुसून टाकायच्या!

रात्री भाचा आला. तो उद्यमनगरात लेथवर काम करतो. त्यानं कीबोर्डवरची कॅप्स लॉकची कळ दाबली. बारीक दिवा लागला, पुन्हा दाबल्यावर विझला. म्हणाला, "मामू, मशीन जितं आहे. नुसतं दिसंना झालंय."

त्याचं म्हणणं असं. पडद्यावर चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. कार्यप्रणालीच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. कर्नेलची भाषा वेगळी, कार्डाची वेगळी. या दोघांमधला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. मला हे लगेच पटलं. माझ्या दादीला दख्खनीच यायची, डॉक्टरांना मराठी. मधे मी, सात-आठ वर्षांचा. मी शाळेत असलो की दादीचं दुखणं तिच्यापाशीच राहायचं.

माझ्या संगणकाचा दुभाष्या का रुसला? चूक माझीच होती. काही महिन्यांपूर्वी मी इंटरनेटवरून ड्रायव्हर उतरवून हातानं बसवला होता. तो तेव्हाच्या कर्नेलच्या मापाचा होता. कर्नेल नवं आलं आणि माप चुकलं.

मग भाच्यानं संगणक पुन्हा सुरू करताना शिफ्टची कळ दाबून धरली. काही यंत्रांवर त्याऐवजी एस्केप दाबावी लागते. पडद्यावर एक यादी आली. तिच्यात मागचं कर्नेल अजून शाबूत होतं. ते निवडलं आणि चित्र परत आलं! मी दुरुस्तीची घाई करू लागलो, तर त्यानं हात धरला. "आधी कविता पेनड्राइव्हवर." त्यानंतर त्यानं जुना ड्रायव्हर काढला आणि लिनक्सच्या आपल्या भांडारातला बसवला. तो कर्नेल बदललं की त्याच्याशी जुळवून घेतो.

मागच्या कर्नेलवरही पडदा उजळला नसता, तर? सुरुवातीच्या ओळीत 'नोमोडसेट' हा शब्द जोडायचा. मग चित्र साधं, जाडंभरडं येतं, पण काम करता येतं. 'एलएसपीसीआय' ही आज्ञा कार्ड कोणतं ते सांगते. पुढं 'वजा के' जोडलं, की त्याला कोणता ड्रायव्हर लागला आहे तेही कळतं. काही वेळा 'सिक्युअर बूट' नावाचा पहारेकरी सही नसलेला ड्रायव्हर आत सोडत नाही. तेही तपासावं.

पण दुभाष्या मुळात असा नाजूक का? कार्डाची भाषा पुष्कळदा कंपनीच्या तिजोरीत असते. अमेरिकेतल्या एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन यांना एका लेसर प्रिंटरच्या प्रणालीची संहिता नाकारली गेली. त्या अनुभवाचा ठसा त्यांच्या मनावर राहिला आणि 1983 मध्ये त्यांनी मुक्त प्रणालीचा 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. 1991 मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्सचं कर्नेल लोकांपुढं ठेवलं. एएमडीनं 2007 पासून आपल्या कार्डांची माहितीपत्रकं खुली करायला सुरुवात केली. एनव्हीडियानं ड्रायव्हरच्या कर्नेलमधल्या भागाची संहिता 2022 च्या मे महिन्यात खुली केली; वरचा बराच भाग बंदच ठेवला. त्याआधी कित्येक वर्षं 'नूव्हो' नावाच्या प्रकल्पातले लोक, बंद ड्रायव्हर कार्डाला काय सांगतो हे टिपून टिपून, स्वतःचा दुभाष्या घडवत होते.

हे ऐकून भाचा हसला. "आमच्याकडं रोज हेच चालतं. जुन्या ऑइल इंजिनाचा पार्ट मिळत नाही, ड्रॉइंग नाही. मग झिजलेला पार्ट मोजायचा आणि नवा काढायचा." कोल्हापूरकराला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

संग्रह आता छापखान्यात गेला आहे. पेनड्राइव्ह कपाटात, दादीच्या डब्यात आहे. श्रोतेहो, तुमचा पडदा कधी काळा झालाच, तर पाटी पुसायच्या आधी एवढंच करा: कॅप्स लॉक दाबून पाहा. दिवा लागला, तर आत कुणीतरी अजून जागं आहे.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)