डॉक्टरी आणि कुंचला : आपल्या मुलांच्या व्यवसायाचा प्रश्न

(चंद्रपूर येथील एका बुद्धविहारात उपासक-उपासिकांच्या सभेत एका वकिलाने दिलेले व्याख्यान)



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपुरास धम्मदीक्षा दिली आणि १६ ऑक्टोबरला ते आपल्या या चांद्यात आले. आज जी कुटुंबे नव्याने धम्मात आली आहेत, ती त्याच वाटेने चालत आली आहेत. त्यांपैकी एका गृहस्थांनी मला विचारलेला प्रश्न त्यांच्या अनुमतीने मी आपणापुढे मांडीत आहे.

त्यांचा मुलगा वैद्यकीय महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात आहे. सुटीत घरी आला की तो रात्र रात्र चित्रे काढीत बसतो. वडिलांनी रंगांची पेटी कुलपात ठेवली आणि मला म्हणाले, "वकीलसाहेब, आमच्या घराण्यातला हा पहिला डॉक्टर. त्याला हा नाद सोडायला सांगा." प्रथम मला त्यांचेच म्हणणे पटले. मुलाला बोलावून चार शब्द सुनवावे, असेही मी ठरविले होते.

त्यांचे भय खोटे नव्हते. ही जागा सहज मिळालेली नाही. मद्रास राज्यातील वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या जागावाटपाचा सरकारी आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली रद्द ठरविला. त्यानंतर त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५ मध्ये चौथे उपकलम आले. त्या वेळी बाबासाहेब कायदेमंत्री होते. पुढे अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात स्थान नव्हते. ते १९९० च्या कायद्याने मिळाले. इतक्या झगड्यानंतर हाती आलेली जागा रंगात बुडावी, असे कोणत्या बापाला वाटेल?

परंतु मुलाशी बोलण्यापूर्वी मला ठाण्याचे डॉक्टर सुधीर पटवर्धन आठवले. त्यांचा जन्म १९४९ चा, पुण्याचा. १९७२ साली ते पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले. चित्रकलेच्या कोणत्याही शाळेत ते शिकले नाहीत. ती विद्या त्यांनी स्वतःच कमाविली. १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे, त्यांनी ठाण्यात क्ष-किरण तज्ज्ञ म्हणून काम केले आणि त्याच काळात ते देशातील अग्रगण्य चित्रकारांपैकी एक झाले. १९७९ साली दिल्लीत त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे मोठे प्रदर्शन मांडले गेले.

त्यांनी चित्रे कोणाची काढली, हेही पाहण्यासारखे आहे. राजेमहाराजांची नव्हेत, देवादिकांची नव्हेत. १९८० च्या 'ट्रेन' या चित्रात लोकलने जाणारी माणसे आहेत, १९८१ च्या 'ओव्हरब्रिज'मध्ये रेल्वेचा पूल ओलांडणारी साधी माणसे आहेत, २००१ च्या 'लोअर परळ'मध्ये गिरणगाव आहे. क्ष-किरणांच्या चित्रात हाडे दिसतात, जात दिसत नाही. दिवसा माणसाच्या शरीरात डोकावणारा हा डॉक्टर उरलेल्या वेळात त्याच माणसाचा चेहरा निरखीत राहिला. २००८ साली समकालीन चित्रांचे फिरते प्रदर्शन सिद्ध करून ते महाराष्ट्रातील निरनिराळ्या शहरांत नेण्याच्या कामातही त्यांनी पुढाकार घेतला.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, "ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या विद्या आहे, त्यांना हे परवडते, आपल्याला नाही." हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. परंतु पटवर्धनांच्या चरित्राचा अर्थ नीट ध्यानात घ्या. त्यांनी कुंचल्यासाठी डॉक्टरी टाकली नाही आणि डॉक्टरीसाठी कुंचला टाकला नाही. तीस वर्षे चरितार्थ दवाखान्याने चालविला, म्हणून चित्राला बाजाराच्या तोंडाकडे पाहावे लागले नाही. ज्याच्या पाठीशी वाडवडिलांची इस्टेट नाही, त्याला तर हाच मार्ग अधिक उपयोगी आहे.

आता मूळ मुद्दा. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. जन्माबरोबर एक काम कपाळी लिहायचे आणि मरेपर्यंत ते बदलू द्यायचे नाही, हे तिचे मर्म. ते जू आपण फेकून दिले. मग मुलाला एकाच कामाच्या खुंटाला आपणच बांधून ठेवावे काय? बाबासाहेबांनी स्वतः उत्तरायुष्यात चित्रकलेचे आणि व्हायोलिनचे धडे घेतले. राज्यघटना लिहिणाऱ्या हाताने कुंचला धरला, तेव्हा त्या हाताची थोरवी उणी झाली नाही.

घटनेच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले आहे. पण ते कलम राज्यसंस्थेला आवरते. घरातल्या कुलपाविरुद्ध ते घेऊन न्यायालयात जाता येत नाही. तेथे प्रज्ञा आणि करुणाच कामी येतात. तथागतांनी दुर्लक्षित आजारी भिक्खूची स्वतःच्या हातांनी शुश्रूषा केली. दुसऱ्याकडे कोणी पाहत नसताना आपण पाहणे, हेच त्या करुणेचे मूळ. आणि चांगल्या डॉक्टराला व चांगल्या चित्रकाराला तीच दृष्टी लागते.

आपल्या भद्रावतीस विजासनच्या टेकडीत बौद्ध लेणी आहेत. ती खोदणाऱ्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत, पण त्यांचे हात आजही बोलतात. आपल्या कोळसा खाणींत उतरणारी, बल्लारपूरच्या कागद गिरणीत राबणारी, गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपाने तोडणारी माणसे उद्या कोण रंगविणार? ज्याने त्यांची नाडी पाहिली आहे, असा आपलाच मुलगा का रंगविणार नाही?

म्हणून त्या गृहस्थांना मी एवढेच सांगितले : परीक्षेबाबत मुलाकडून वचन घ्या आणि पेटी त्याला परत द्या. अभ्यासात हयगय झाली तर जाब विचारा. चित्र काढले म्हणून विचारू नका. कुलूप अजून निघालेले नाही. निर्णय त्यांचा आहे. परंतु आपापल्या घरी गेल्यावर असे एखादे कुलूप आपल्याकडेही आहे काय, हे प्रत्येकाने पाहावे, एवढी माझी विनंती आहे.

जय भीम.